रिकाम्या हौद्यातला वारा आणि पिकअपचं डिझेल

‘फाळका काढून ठेवा, वारा सरळ निघून जातो, ॲव्हरेज वाढतं.’ फाळका म्हणजे हौद्याचं मागचं, खाली पडणारं दार. पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर हा सल्ला फिरत असतो. त्याच्या जोडीला आणखी चार असतात: जाळीचा फाळका बसवा, टपावर प्लॅस्टिकचे दात चिकटवा, बंपरखाली रबर सोडा, पुढची जाळी झाका. कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून कास्टिंग भरून पुण्याकडं निघणाऱ्याला किंवा मार्केट यार्डातून गूळ-भाजी घेऊन कोकणात उतरणाऱ्याला यातलं खरं काय आणि थाप काय, हे कळायला मार्ग नसतो. काही सल्ल्यांत तथ्य आहे, काहींत नाही. सगळ्यात लोकप्रिय सल्ला मात्र चक्क उलटा आहे.

वारा गाडीला धरतो म्हणजे काय?

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेल्या असताना पाणी बघा. खांबाच्या पुढच्या अंगाला पाणी थडकून फुगतं आणि पाठीमागं एक खळगा तयार होतो. त्यात भोवरे फिरत राहतात, काटक्या अडकून गरगरतात. तिथलं पाणी पुढं जात नाही, जागच्या जागी घुमतं. खांबावरचा जोर दोन्हीकडून असतो, पुढून ढकलणारा आणि मागून खेचणारा.

पिकअपचं तेच आहे, फक्त इथं पाणी उभं आणि खांब पळतोय. समोरची हवा ढकलावी लागते आणि पाठीमागचा भोवऱ्यांचा खळगा गाडीला मागं ओढतो. या एकूण ओढीला इंजिनियर ड्रॅग म्हणतात, आपण वाऱ्याची ओढ म्हणू. माणसाचं लक्ष समोरच्या बाजूकडं जातं, कारण वारा तोंडावर लागतो. प्रत्यक्षात गाडीचं नाक थोडं गोल असलं की पुढचं काम बरंचसं भागतं. खरा खर्च हवा गाडी सोडते तिथं होतो, म्हणजे केबिनच्या मागच्या कडेला, हौद्यात, फाळक्यामागं आणि गाडीच्या पोटाखाली.

ही ओढ चार गोष्टींवर ठरते: हवा किती दाट, समोरून गाडी किती मोठी दिसते, तिचा आकार कसा आणि वेग किती. आकाराची बरी-वाईट बाजू एका अंकात मांडतात, त्याला आकारांक म्हणू. तो कमी तेवढं चांगलं. वेगाची गोष्ट वेगळी आहे. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. हे एवढं लक्षात ठेवलं तरी बाकीचं आपोआप उलगडतं.

किलोत मोजू या

मध्यम पिकअप घ्या. समोरून दिसणारं क्षेत्रफळ २.७ चौरस मीटर आणि आकारांक ०.५ धरू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळं इथली हवा रत्नागिरीपेक्षा पाचेक टक्के विरळ. घनमीटरला १.१ किलो धरली की हिशेब असा येतो: ४० च्या वेगाला वारा ९ किलोच्या जोरानं ओढतो, ६० ला २१ किलो, ८० ला ३७ किलो आणि १०० ला ५८ किलो.

आता चाकांचा हिशेब. टायर दबून-सुटून जे जातं ते वेगावर फारसं नाही, वजनावर ठरतं. रिकामी १७०० किलोची गाडी घेतली तर साधारण १९ किलो. माल भरून तीन टन झाली तर ३३ किलो.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. भरलेल्या गाडीत ८० ला वारा आणि टायर जवळपास बरोबरीत. रिकाम्या गाडीत वारा टायरच्या दुप्पट! म्हणजे वारा सगळ्यात जास्त खातो तो परतीच्या खेपेला, हौदा मोकळा असताना आणि ड्रायव्हरला घर गाठायची घाई असताना. भाडं मिळत नाही तीच खेप, म्हणून तिच्याकडं कुणी बघत नाही. पुढं जे काही सांगायचं आहे ते बरंचसं या खेपेसाठी आहे.

डिझेलमध्ये सांगायचं तर ८० च्या वेगाला निव्वळ वाऱ्यापायी १०० किलोमीटरला साधारण साडेतीन लिटर जातात. ७० ला तेच अडीच-पावणेतीन, ६० ला दोनच्या आतबाहेर.

‘गव्हर्नर ८० चा आहे, मग माझ्या गाडीला वाऱ्याचं काय?’

मालवाहू गाड्यांना ८० चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग त्यापुढं जाऊ न देणारं यंत्र, असतो, हे खरं. परदेशातले लोक पिकअप १०० ते १२० नं पळवतात, त्यामुळं त्यांच्या करामतींचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण कागल नाक्यापासून पेठ नाक्यापर्यंत गाडी सलग ७०-८० वर चालते, आणि त्या वेगाला वाऱ्याचा वाटा वरच्या हिशेबात दिसतोच आहे.

शहरात शाहूपुरी ते लक्ष्मीपुरी अशा फेऱ्या मारणाऱ्या गाडीनं मात्र हे सगळं विसरावं. ३०-४० च्या वेगाला वाऱ्याची ओढ टायरच्या ओढीच्या अर्ध्यावरही येत नाही. तिथं टायरमधली हवा आणि क्लचवरचा पाय यांचाच हिशेब चालतो. घाटातही तसंच. आंबा घाट किंवा गगनबावड्याचा चढ २५-३० नं चढताना इंजिन वजनाशी झगडत असतं, वाऱ्याशी नाही.

आणि एक कटू गोष्ट आधीच सांगून टाकतो. महामार्गावर ८० ऐवजी ७० ठेवले तर १०० किलोमीटरला पाऊण लिटरच्या आसपास वाचतं. पुढं सांगितलेलं उत्तम झाकण नीट बसवलं तरी अर्ध्या लिटरच्या आतच वाचेल. उजवा पाय फुकट आहे.

फाळका उघडला की वारा निघून जात नाही?

नाही. हवा टपावरून मागं येते तेव्हा केबिनच्या मागच्या कडेवरून ती एकदम खाली हौद्यात उडी मारत नाही. फाळका बंद असेल तर हौद्यात हवेचा एक मोठा भोवरा अडकून बसतो. टपावरून आलेली हवा या भोवऱ्याच्या पाठीवरून सरकते आणि फाळक्याच्या वरच्या कडेजवळ गाडी सोडते. हौदा जणू हवेच्याच गादीनं भरलेला असतो. फाळका उघडला की ती गादी मागून सांडून जाते, भोवरा टिकत नाही. टपावरची हवा खाली कोसळून हौद्याच्या तळावर आपटते आणि केबिनच्या पाठीला खेचणारा खळगा मोठा होतो. विंड टनेलमधल्या, म्हणजे गाडी उभी ठेवून तिच्यावर वारा सोडायच्या बोगद्यातल्या चाचण्यांत पिकअपची ओढ फाळका बंद असताना सहसा कमीच भरते. जाळीच्या फाळक्याचंही तेच, गादी जाळीतून गळते.

मग उघड्या फाळक्यानं फरक पडल्याचं लोक शपथेवर का सांगतात? कारण एका टाकीवर ॲव्हरेज काढलेलं असतं. पंपावर टाकी कमी-जास्त भरली, परतीला वारा पाठीशी होता, एक खेप हलकी होती, यातल्या कशानंही पाच टक्के इकडचे तिकडे होतात.

पहिलं काम: ताडपत्री, पण तबल्यासारखी

रिकाम्या हौद्यावर सपाट ताणलेली ताडपत्री हा सगळ्यात स्वस्त उपाय. ओढीत साधारण पाच टक्क्यांच्या अल्याड-पल्याड फरक पडतो. अट एकच, ती फडफडता कामा नये. फडफडणारी ताडपत्री प्रत्येक हेलकाव्याला हवा घुसळते, आणि घुसळायची ताकद इंजिनच पुरवतं. ढिल्या ताडपत्रीपेक्षा उघडा हौदा परवडला.

ताडपत्री फुगते कशानं? वरून पळणाऱ्या हवेचा दाब कमी आणि खाली अडकलेल्या हवेचा जास्त, म्हणून ती वर उचलली जाते. त्यात पुढच्या कडेची फट उघडी असली की वारा आत घुसून तिचं शीड करतो. म्हणून पुढची कड आधी पक्की करायची. केबिनच्या पाठीशी हौद्याच्या पुढच्या फळीवर ती दुमडून आत घ्यायची आणि २५ × ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी वरून नट-बोल्टनं दाबायची. दोन्ही बाजूंनी फूट-दीड फुटावर आयलेट आणि त्यातून रबरी दोर. नायलॉनची दोरी पहिल्या दहा किलोमीटरमध्ये सैल पडते, रबर ढील खाऊन टाकतं. दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील तर कौलांसारख्या, फक्त दिशा लक्षात ठेवा: पुढची ताडपत्री मागचीच्या वर यायला हवी. उलटी झाली तर सांध्यातून वारा आत शिरलाच म्हणून समजा. खाली आधाराला दर दोन-अडीच फुटांवर एक आडवी पट्टी लागते, नाहीतर जुलैत मधोमध पाण्याचं तळं साचतं.

दुसरं काम: उतरतं झाकण

टपाच्या मागच्या कडेपासून फाळक्यापर्यंत हळूहळू उतरत जाणारं झाकण करता आलं तर हवा शेवटपर्यंत पत्र्याला चिकटून जाते आणि मागचा खळगा लहान होतो. नीट जमलं तर वाऱ्याची ओढ दहा-पंधरा टक्के कमी होऊ शकते. सगळा खेळ उताराच्या कोनाचा आहे. हवा वळणावरच्या भरलेल्या ट्रॉलीसारखी असते, हळूहळू वळवली तर येते, झटक्यात वळवली तर सुटते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहमद बॉडी नावाच्या साध्या ठोकळ्यावरच्या प्रयोगांत मागचा उतार साडेबारा अंशांच्या आसपास असताना ओढ सगळ्यात कमी होती आणि ३० अंशांच्या जवळ सगळ्यात जास्त. म्हणजे उतार चुकला तर झाकण नसलेलं बरं.

बारा अंश मोजायला कोनमापक नको. फुटाला अडीच इंच, एवढंच पाठ करा. नऊ फुटी हौद्यावर टपापासून फाळक्याच्या वरच्या कडेपर्यंतची उतरण २२-२३ इंचांच्या आत बसते का बघा. बसली तर सरळ फाळक्यापर्यंत उतरवा. छोटा हत्तीसारख्या गाडीत हौदा सात फुटांच्या आसपास आणि केबिन त्यामानानं उंच. तिथं १७-१८ इंचच उतरवायचं आणि झाकणाच्या मागच्या टोकापासून फाळक्यापर्यंत उभी पट्टी लावून बंद करायचं. मागं छाटल्यासारखं दिसतं, पण बरोबर आहे. फाळक्याला टेकवायच्या हट्टापायी २० अंशांचा उतार केला की हवा मध्येच सुटते.

सांगाडा २५ मिलिमीटर ॲल्युमिनियम चौकोनी पाइपचा. नऊ फुटी हौद्याला दोन बाजू, दर दोन फुटांवर आडव्या पट्ट्या आणि बाजूचे त्रिकोण धरून वीस मीटर पाइप लागतो, म्हणजे साधारण आठ किलो. वर ३ मिलिमीटर एसीपी, म्हणजे दुकानांच्या बोर्डांना वापरतात ते शीट. ८ × ४ फुटी तीन शीट घ्यावी लागतात, कापाकापीत थोडं वाया जातं. सगळं मिळून ३५ किलोच्या आसपास. लोखंडी पाइप आणि पत्रा वापरला तर ६० च्या पुढं. डिझेलच्या दृष्टीनं हा फरक किरकोळ आहे, पण रोज उचलून उतरवणाऱ्या माणसाच्या कमरेच्या दृष्टीनं नाही. आधी अंदाज घ्यायचा असेल तर निवडणुकीच्या फलकांना वापरतात ते ५ मिलिमीटरचं सनपॅक घ्या. उन्हात एका हंगामात ते खरखरीत होऊन तुटायला लागतं, पण चाचणीपुरतं झकास.

बांधणीत चार ठिकाणी गफलत होते.

सगळ्यात मोठी म्हणजे झाकण केबिनला बोल्टनं जोडणं. केबिन आणि हौदा चेसिसवर वेगवेगळे बसलेले असतात आणि खड्ड्यात वेगवेगळे हलतात. दोघांना एकत्र जखडलं की आठवड्याभरात रिव्हेट उपटतात, नाहीतर टपाचा पत्रा चिरतो. झाकण फक्त हौद्यावर बसवायचं, केबिनशी दीड इंचाची फट ठेवायची आणि तीवर ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी पदरासारखी सोडायची.

दुसरी, झाकणाची पुढची कड टपाच्या वर येणं. ती अर्धा इंच खालीच हवी. टपावरून आलेल्या हवेला उतरायला पायरी चालते, चढायला नाही.

तिसरी, बिजागऱ्या आणि कड्या नाजूक असणं. ८० च्या वेगाला साडेचार चौरस मीटरच्या झाकणाला वर खेचणारा जोर ६० किलोपर्यंत जातो. समोरून ट्रक गेला की झटका त्याहून मोठा. कमीत कमी सहा कड्या, नायलॉक म्हणजे हादऱ्यानं सैल न होणारे नट, मोठे वॉशर आणि त्याशिवाय एक लोखंडी साखळी, सगळ्या कड्या सुटल्या तरी झाकण रस्त्यावर जाणार नाही अशी. महामार्गावर उडालेलं झाकण मागच्या दुचाकीवाल्याला काय करेल, ते लिहायची गरज नाही.

चौथी बारीक आहे, पण पावसाळ्यानंतर दिसते. एसीपी उन्हात फुगतं-आकसतं. ४ मिलिमीटरच्या रिव्हेटला शीटमध्ये ५ मिलिमीटरचं भोक पाडा, अंतर सहा इंच. ॲल्युमिनियम लोखंडाला थेट टेकलं की ओलाव्यात पांढरी भुकटी धरून खातं, म्हणून मध्ये रबराची पट्टी घाला.

झाकणानं केबिनची मागची काच झाकली जाईल. बाहेरचे दोन्ही आरसे धड नसतील तर आधी ते बदला.

भरलेल्या खेपेला काय करता येतं?

इथं झाकण चालत नाही, पण माल रचायची पद्धत चालते. उंच माल केबिनला खेटून, मध्ये फट न ठेवता. मागच्या ओळी हळूहळू कमी उंचीच्या. भाजीचा क्रेट साधारण फूटभर उंच असतो. शेवटच्या पाच फुटांत एक क्रेट कमी केला आणि वरून ताडपत्री ताणली की झाला बारा अंशांच्या आतला उतार, खर्च शून्य. फक्त मागचा कमी केलेला माल कुठं जाणार हे वजनाच्या हिशेबात बसवा. टपावर चढवला तर सगळंच मुसळ केरात.

माल केबिनपेक्षा उंच असतो तेव्हा केबिनच्या वर निघालेली सपाट भिंत वारा थेट झेलते. बंद बॉडीच्या गाडीला या भिंतीच्या कडा गोल करून घ्या. आठ-दहा सेंटिमीटरची गोलाई पुरते, त्यापुढं फायदा थोडाच वाढतो. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याचे चार भाग केले की प्रत्येक भाग नेमका तेवढ्या गोलाईचा निघतो. वरच्या आणि बाजूच्या कडांवर तो रिव्हेटनं बसवा. टपावर तिरकी पाटी, म्हणजे डिफ्लेक्टर, बसवायची असेल तर ती माल उंच असतानाच कामाची. रिकाम्या खेपेला तीच पाटी समोरचं क्षेत्रफळ वाढवते आणि हवा हौद्यावरून उडवून लावते. पाडता येणारी नसेल तर बसवूच नका.

टपावरचं कॅरियर आणि मोकळ्या कमानी

गोल नळी वाऱ्याला निसटती वाटते, पण या वेगाला ती फार वाईट आकाराची असते. तिच्या पाठीमागं तिच्याएवढाच भोवऱ्यांचा पट्टा लोंबतो. दीड इंची, पाच फूट लांब एक आडवी नळी स्वच्छ वाऱ्यात उभी असेल तर ती एकटी गाडीच्या एकूण ओढीत चार टक्क्यांच्या आसपास भर घालते. सपाट ताडपत्रीनं जे कमावलं ते एका नळीनं घालवलं! टपावर कॅरियर, त्याला तीन आडव्या नळ्या, वर स्टेपनी आणि गुंडाळलेली ताडपत्री असं बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या गाड्या कमी नाहीत. मागच्या नळ्या पुढच्यांच्या आडोशाला येतात म्हणून बेरीज सरळ होत नाही, तरी नुकसान खरं आहे. ताडपत्रीच्या कमानी रिकाम्या खेपेला काढून हौद्यात आडव्या ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. कमानी वेल्डिंगनं पक्क्या असतील तर खाली खोबणी करून घ्या, उद्यमनगरात हे काम दुपारपर्यंत होतं.

बंपरखालचं रबर

पिकअपचं पोट खडबडीत असतं: एक्सल, पाटे, सायलेन्सर, स्टेपनी, केबल. या जंजाळात हवा शिरूच नये म्हणून बंपरखाली आडवी पट्टी सोडतात. तत्त्व बरोबर आहे. साहित्य म्हणून जुन्या कन्व्हेअर बेल्टचं ५-६ मिलिमीटर जाड रबर उत्तम, फाउंड्री आणि साखर कारखान्यांच्या भंगारात मिळतं. पत्रा नको, पहिल्याच स्पीडब्रेकरला वाकून टायरमध्ये जायचा. पट्टीची खालची कड पुढच्या एक्सलच्या सगळ्यात खालच्या भागाच्या इंच-दोन इंच वरच थांबवा. त्याहून खाली नेली तर अडवलेल्या हवेपेक्षा वाढलेलं क्षेत्रफळ महाग पडतं. बोल्ट दर सहा इंचांवर, मागं २५ मिलिमीटरची लोखंडी पट्टी, नाहीतर रबर वाऱ्यानं मागं झोपतं आणि काही उपयोग राहत नाही. उसाच्या फडात उतरणाऱ्या गाडीला याचा नाद नको. सरीत अडकून पहिल्याच दिवशी फाटेल.

काय करू नये

रेडिएटरची जाळी झाकू नका. थंड देशांत ही युक्ती चालते. आपल्याकडं एप्रिलमध्ये माल भरून घाट चढताना इंजिनला मिळेल तेवढी हवा हवी असते. जाळी झाकली की पंखा जास्त वेळ फिरतो आणि वाचवलेलं तिथंच जातं. चाकांवर सपाट तबकड्या लावल्या तर ब्रेकची हवा अडते, आणि कोकणात उतरणाऱ्या गाडीला ते धोक्याचं. टपावर चिकटवायचे प्लॅस्टिकचे दात काही ठरावीक आकाराच्या गाड्यांना, ठरावीक जागी उपयोगी पडतात. पिकअपच्या टपाच्या मागं सरळ खड्डाच असतो, तिथं ते शोभेचे.

‘एवढं सोपं असतं तर कंपनीनंच नसतं का केलं?’

कंपनी गाडी बनवते ती दगड, वाळू, म्हशी, कडबा आणि लग्नाचं मांडव-साहित्य, सगळं वाहण्यासाठी. वरून मोकळा, तिन्ही बाजूंनी फाळके उघडणारा हौदा ही तिची विक्रीची बाजू. झाकण बसवलं की अर्धे गिऱ्हाईक जातील. तुमचा माल आणि रस्ता मात्र ठरलेला आहे, म्हणून कंपनीला परवडत नाही ते तुम्हाला परवडू शकतं. हिशेब करा: दिवसाला १०० किलोमीटर रिकामी, महामार्गावरून. झाकणानं वाचलं ०.४ लिटर. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर दिवसाला ३६, महिन्याच्या २५ दिवसांचे ९००. झाकणाचा खर्च किती महिन्यांत फिटेल, ते फॅब्रिकेटरच्या कोटेशनवर बघून ठरवा. वर्षाच्या पुढं जात असेल तर ताडपत्रीवरच थांबा.

आरटीओ धरेल का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ताडपत्री आणि बांधून-सोडून काढता येणारं आवरण हे माल झाकायचं साधन, वेल्डिंग करून पक्कं केलेलं झाकण ही बॉडीच बदलली असं होतं. म्हणून सगळं नट-बोल्टवर ठेवा, गाडीच्या मूळ लांबी-रुंदी-उंचीच्या आत ठेवा, नंबरप्लेट, दिवे आणि रिफ्लेक्टर टेप झाकू नका. पक्कं करायचंच असेल तर आधी आरटीओत लेखी परवानगी आणि विमा कंपनीला कळवणं, या क्रमानं. पुढच्या लोखंडी बुल बारवर तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रानं राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. वाऱ्याच्या दृष्टीनंही तो नळ्यांचा भाराच आहे.

फायदा झाला की नाही, कसं कळणार?

लोकरीनं सुरुवात करा. तीन-चार इंचांचे तुकडे झाकणावर, टपाच्या कडेला आणि फाळक्यावर वीतभर अंतरानं टेपनं चिकटवा आणि शेजारच्या गाडीतून दुसऱ्या कुणाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. ६०-७० ला लोकर मागं ताठ झोपली असेल तर हवा चिकटून चालली आहे. गरगरत असेल किंवा उलटी पुढं वळत असेल तर तिथून हवा सुटली, उतार जास्त झाला. ही परीक्षा आकडा देत नाही, पण चूक नेमकी कुठं आहे ते दाखवते.

आकड्यासाठी गाडी सोडून द्यायची चाचणी. पहाटे, वारा पडलेला असताना, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर ७५ पर्यंत नेऊन न्यूट्रल करा. इंजिन चालूच ठेवा, बंद केलं तर ब्रेक आणि स्टिअरिंगचा जोर जातो. ७० पासून ५० वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारच्या माणसानं मोजायचं, वेग जीपीएसवरून घ्यायचा. रिकाम्या गाडीला साधारण २४ सेकंद लागतील. ओढ १५ टक्के घटली असेल तर २६ च्या थोडं वर. फरक एवढासाच, म्हणून एका फेरीवर विश्वास ठेवायचा नाही. रस्त्याला २०० फुटांत एक फूट उतार असेल, जो डोळ्याला दिसतही नाही, तर तो झाकणाच्या फायद्यापेक्षा अडीचपटीहून जास्त जोर लावतो. समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा असेल तर ६० च्या वेगाला ओढ ३६ टक्क्यांनी वाढते. दोन्ही दिशांना पाच-पाच फेऱ्या, मग सरासरी. टायरमधली हवा, टाकीतलं डिझेल आणि गाडीतली माणसं तीच ठेवायची. चाचणीआधी अर्धा तास गाडी चालवून टायर आणि गिअरबॉक्स गरम करून घ्या.

पाच-पाच फेऱ्या झाकणासह, तेवढ्याच झाकण काढून आणि पुन्हा तेवढ्याच झाकण लावून. तिसऱ्या खेपेचे सेकंद पहिल्या खेपेशी जुळले नाहीत, तर मधल्या काळात वारा फिरला असं समजायचं आणि दुसऱ्या पहाटे परत यायचं.